ब्रेक मावेल एवढी रिम, रस्ता मागेल एवढा टायर

२०२१चा हंगाम संपेपर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्या १३ इंची रिमवर धावत होत्या. मारुतीच्या आल्टो के१०ची रिमही १३ इंचीच. एक गाडी सरळ पट्ट्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारी, दुसरी मंडईतून भाजी आणणारी, आणि रिमचा व्यास दोघींचा सारखाच. इकडे टायरच्या दुकानात काचेमागे १७, १८, १९ इंची अलॉय ओळीने मांडलेले असतात आणि ‘गाडी पळणारी आहे ना, मग एक साइझ वर जा’ हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांना कित्येक वर्षं जे लागलं नाही, ते आपल्या गाडीला का लागावं?

कोडं इथेच संपत नाही. स्कोडाची फाबिया रॅली२ ही खास रॅलीसाठी बांधलेली गाडी घ्या. २०२२ साली आपल्या एमआरएफ टायरच्या संघाने युरोपीय रॅली अजिंक्यपद जिंकलं ते याच जातीच्या गाडीवर. डांबरी रस्त्यावरची रॅली असली की तिला १८ इंची रिम चढवतात, माती-खडीच्या रस्त्यावरची असली की १५ इंची. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, चालकही तोच. तरी रिममध्ये तीन इंचांचा फरक, आणि तो केवळ चाकाखालच्या जमिनीपायी.

चाकाचं माप दोन गोष्टींवरून ठरतं. रिमच्या पोटात केवढा ब्रेक बसवायचा आहे ही एक, आणि चाकाखाली कसला रस्ता येणार आहे ही दुसरी. बाकी सगळं, दिसणं धरून, त्यानंतर. हे कसं, ते एकेक पायरी उलगडून पाहू.

टायरच्या कडेवरचं गणित

उदाहरणाला एक ओळखीची गाडी घेऊ: चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद, वजन साधारण साडेबाराशे किलो. तिच्या टायरच्या कडेवर ‘२०५/५५ आर१६’ असं लिहिलेलं असतं. या छोट्याशा ओळीत तीन वेगवेगळी एककं एकत्र नांदतात, म्हणून ती पहिल्यांदा वाचताना गोंधळायला होतं.

२०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ ही टक्केवारी आहे: रुंदीच्या ५५ टक्के एवढी टायरच्या कडेची, म्हणजे साइडवॉलची, उंची. हिशेब केला तर ती ११३ मिमी भरते. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे विणण्याची पद्धत. आजच्या कारचे टायर याच पद्धतीचे असतात. आणि शेवटचे १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये.

आता चाकाची एकूण उंची काढता येते. १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. त्यात वरची साइडवॉल ११३ आणि खालची ११३ मिळवली की ६३२ मिमी. हा ६३२चा आकडा लक्षात ठेवायचा. स्पीडोमीटर, किलोमीटरची नोंद आणि गिअरची आखणी, सगळं हा आकडा धरून केलेलं असतं. म्हणून रिम वाढवायची असेल तर साइडवॉल त्या हिशेबात कमी करावी लागते, म्हणजे बाहेरचा घेर जवळजवळ तोच राहतो. या धंद्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. जितका कमी तितकं बरं.

६३२ मिमीच्या जवळपास बसणारी काही मापं अशी:

- २०५/५५ आर१६: साइडवॉल ११३ मिमी, एकूण उंची ६३२ मिमी
- २०५/५० आर१७: साइडवॉल १०३ मिमी, एकूण उंची ६३७ मिमी
- २१५/४५ आर१७: साइडवॉल ९७ मिमी, एकूण उंची ६२५ मिमी
- २२५/४५ आर१७: साइडवॉल १०१ मिमी, एकूण उंची ६३४ मिमी
- २२५/४० आर१८: साइडवॉल ९० मिमी, एकूण उंची ६३७ मिमी

चाकावरची कमान भरलेली दिसावी म्हणून कोणी २२५/५० आर१७ चढवला, तर चाक ६५७ मिमीचं होतं, मूळ चाकापेक्षा चार टक्के मोठं. मग एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. काटा ९६वर असतो तेव्हा गाडी शंभरने जात असते. शिवाय प्रत्येक गिअर आपोआप थोडा लांब होतो. जी गाडी चपळ व्हावी म्हणून खर्च केला, ती उचल घ्यायला आळशी होते.

मापाच्या पुढे ‘९१ व्ही’ असं काहीतरी असतं. त्याकडे सहसा कोणी बघत नाही, पण बघायला हवं. ९१ हा भाराचा सांकेतिक आकडा: त्या टायरने जास्तीत जास्त ६१५ किलो पेलायचे. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची वेगमर्यादा. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. भार खरं तर टायरमधली हवा पेलते. साइडवॉल बुटकी झाली की आतली हवा कमी होते, म्हणून भारक्षमताही घटू शकते. २१५/४५ आर१७ हा टायर ८७ आकड्याचाही मिळतो, म्हणजे फक्त ५४५ किलोंचा. तोच ‘एक्सएल’ प्रकारात, जादा हवा भरून वापरायच्या दणकट बांधणीत घेतला, तर पुन्हा ९१ होतो. नवा टायर भारात आणि वेगात मूळ टायरपेक्षा कमी पडता कामा नये.

मोठी रिम आली ब्रेकसाठी

मोठी रिम मुळात आली कुठून? ती शोभेसाठी जन्मली नाही, ब्रेकला जागा हवी होती म्हणून आली.

गाडी थांबते तेव्हा तिच्या वेगातली सारी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या डिस्कमध्ये उतरते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ट्रॅकवर दर मिनिटाला दोन-तीनदा जोरात ब्रेक लागतात, घाट उतरताना ते सतत तापत राहतात. डिस्क एका मर्यादेपलीकडे तापली की पॅडची पकड सुटते, पाय खाली जातो पण गाडी ऐकत नाही. यावर साधा उपाय म्हणजे डिस्क मोठी करणे. धातू जास्त, त्यामुळे उष्णता साठवायला वाव जास्त. आणि पॅड मध्यापासून दूर धरत असल्यामुळे तेवढ्याच जोरात चाक लवकर आवरतं.

पण डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर हे दोन्ही रिमच्या पोटात बसायला हवेत. पोर्शेच्या सध्याच्या पिढीतल्या ९११ जीटी३च्या पुढच्या डिस्कचा व्यास ४०८ मिमी आहे. १६ इंची रिमचा व्यासच मुळी ४०६. म्हणजे कॅलिपर बाजूलाच राहिला, नुसती डिस्कसुद्धा त्या रिममध्ये जाणार नाही. म्हणून त्या गाडीला पुढे २० इंची आणि मागे २१ इंची रिम आहे, आणि ती तिथे शोभते.

फॉर्म्युला वनमधला प्रकार उलटा होता. तिथे नियमांनीच रिम १३ इंचांवर बांधून ठेवली होती आणि डिस्कला २७८ मिमीची मर्यादा होती. २०२२ मध्ये रिम १८ इंची झाली, तेव्हा डिस्कही ३३० मिमीपर्यंत वाढली.

आपल्या गाडीच्या ब्रेकला किमान किती इंची रिम लागते, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. कॅलिपरच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागावर मऊ मातीचा बोटभर गोळा चिकटवायचा. नवी रिम टायरशिवाय चढवून बोल्ट हलके आवळायचे, हाताने एक पूर्ण फेरा सावकाश फिरवायचा आणि रिम उतरवायची. मातीचा जो पापुद्रा उरतो, त्याची जाडी म्हणजे रिम आणि कॅलिपर यांच्यातली खरी फट. ती तीन-चार मिमीपेक्षा कमी भरली तर ती रिम बाजूला ठेवायची. रिमच्या आत चिकटवायच्या बॅलन्सिंगच्या वजनांनाही तेवढी जागा लागते.

व्हर्टसचे मूळ ब्रेक १६ इंची रिममध्ये आरामात मावतात. ते बदलणार नसाल, तर ब्रेकच्या नावावर मोठी रिम मागण्याचं कारण तिथेच संपतं.

साइडवॉल ही पहिली स्प्रिंग

गाडीची पहिली स्प्रिंग सस्पेन्शनमध्ये नसते, ती टायरमध्ये असते. खड्डा लागला की आधी दबते ती साइडवॉल. तिच्याकडून जे उरतं ते सस्पेन्शनकडे जातं.

वळणावर याच साइडवॉलचं वागणं निराळं असतं. स्टिअरिंग फिरवलं की आधी रिम वळते, तिच्यापाठोपाठ साइडवॉल एका अंगाला झुकते आणि मग जमिनीला टेकलेला पट्टा वळतो. साइडवॉल उंच असली की झुकायला वेळ लागतो, आणि तेवढा क्षण गाडी उत्तर द्यायला थांबल्यासारखी वाटते. बुटकी साइडवॉल कमी झुकते, म्हणून गाडी हाताबरोबर वळते. मोठ्या रिमवर बसल्याबसल्या जो फरक जाणवतो तो हाच, आणि तो खरा आहे. फक्त लवकर वळणं वेगळं आणि घट्ट धरून ठेवणं वेगळं. धरून ठेवण्याचं काम बरंचसं टायरच्या रबराचं असतं. १८ इंची रिमवरचा स्वस्त, कडक टायर १६ इंची रिमवरच्या चांगल्या, मऊ टायरसमोर वळणावर हरतो.

फॉर्म्युला वनच्या जुन्या चाकांचं कोडंही इथे सुटतं. त्या टायरची साइडवॉल चांगलीच उंच होती आणि सस्पेन्शन अतिशय कडक. गाडी जी थोडीफार खालीवर व्हायची, त्यातला मोठा वाटा टायरच उचलायचे. १८ इंची रिम आली तेव्हा टायरचा बाहेरचा व्यास ६७० मिमीवरून ७२० मिमी झाला, साइडवॉल मात्र पुष्कळ घटली, आणि अभियंत्यांना सस्पेन्शनचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला.

आता खड्ड्यात काय होतं ते जवळून पाहू. चाक खड्ड्यात उतरतं आणि पुढच्या क्षणी समोरच्या काठावर आदळतं. काठ टायरला आत ढकलतो, साइडवॉल दुमडते. ११३ मिमीची साइडवॉल म्हणजे ११३ मिमीची गादी, असं मात्र नसतं. रिमची कड सुमारे १७ मिमी वर आलेली असते. टायरच्या तळाची आणि दुमडलेल्या कडेची स्वतःची जाडी आणखी वीसेक मिमी खाते. म्हणजे १६ इंची चाकात खरी उशी उरते ती ७५ मिमीच्या आसपास आणि १८ इंची चाकात पन्नासेक. कागदावर साइडवॉल २० टक्क्यांनी घटलेली दिसते. खड्ड्यात गादी जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेली असते. ती संपली की खड्ड्याचा काठ आणि रिमची कड यांच्यात रबर चिरडलं जातं. आतले धागे तुटतात, पण बाहेरून लगेच काही दिसत नाही. काही दिवसांनी कडेवर लिंबाएवढा फुगा दिसतो. तो दिसला की टायर गेला. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही.

रॅलीतला १५ इंची रिमचा नियम इथेच उमगतो. दगडधोंड्यांच्या वाटेवर उंच साइडवॉल हा रॅलीवाल्यांचा विमा असतो. सरळ रेषेतल्या शर्यतीत तर ती वेगळ्याच कामी येते. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरच्या मागच्या चाकाचा टायर सुमारे तीन फूट उंच असतो आणि रिम केवळ १६ इंची. हिरवा दिवा लागताच इंजिनाचा झटका इतका मोठा असतो की साइडवॉलवर चुण्या पडतात. तो झटका ती शोषते, टायर जमिनीला जास्त लांबीवर चिकटतो आणि जागेवर फिरत बसत नाही. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये गाडी पाव मैल पळवायची असेल, तर हे गणित उपयोगाचं आहे.

कुंभाराचं चाक आणि गाडीचं चाक

कुंभाराच्या जुन्या पद्धतीच्या चाकाचं बहुतेक वजन कडेला असतं. काठीने एकदा जोर देऊन फिरवलं की ते बराच वेळ फिरत राहतं, आणि कुंभाराला तेच हवं असतं. मात्र ते पहिल्यांदा फिरवायला जोर लागतो आणि मध्येच थांबवायलाही. वजन तेवढंच ठेवून ते मध्याजवळ आणलं, तर चाक सहज फिरेल आणि सहज थांबेल. पळणाऱ्या गाडीला हे दुसऱ्या प्रकारचं चाक लागतं.

रिम मोठी झाली की तिची जड कड मध्यापासून लांब जाते. गाडीचा वेग वाढवताना इंजिनाला प्रत्येक किलो पुढे न्यावा लागतोच, पण चाकावरचा किलो फिरवावाही लागतो. ६३२ मिमीच्या चाकात १६ इंची रिमच्या कडेवरचा एक किलो इंजिनाला साधारण १.४ किलोंसारखा जाणवतो, १८ इंची रिमच्या कडेवरचा १.५ किलोंसारखा, आणि टायरच्या अगदी बाहेरच्या थरातला जवळजवळ दोन किलोंसारखा. दोनच्या वर तो जाऊच शकत नाही. ‘चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ असं जे ऐकायला मिळतं, ते वेग घेण्यापुरतं तरी खरं नाही.

समजा, १८ इंची चाक टायरसकट प्रत्येकी तीन किलोंनी जड निघालं. चार चाकांचे बारा किलो. इंजिनाला ते अठरा-वीस किलोंसारखे वाटतील, म्हणजे साडेबाराशे किलोंच्या गाडीत दीड टक्का. शर्यतीच्या घड्याळात तो दिसेल, पण सिग्नलवरून सुटताना क्वचितच जाणवेल.

याहून मोठा तोटा दुसरीकडे होतो. स्प्रिंगच्या वर असलेलं वजन, म्हणजे बॉडी, इंजिन, माणसं, हे स्प्रिंगवर तरंगतं. स्प्रिंगच्या खाली असलेलं वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेक, हे थेट रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर नाचतं. चाक जड असलं की उंचवट्यावरून वर उडाल्यावर त्याला पुन्हा जमिनीवर आणायला स्प्रिंगला वेळ लागतो. तेवढा वेळ टायर नीट टेकलेला नसतो, आणि न टेकलेल्या टायरला ना पकड असते, ना ब्रेक. गुळगुळीत ट्रॅकवर हा दोष झाकला जातो; पॅच मारलेल्या रस्त्यावर वळताना गाडी बाजूला उडी मारल्यासारखी सरकते.

म्हणून रिम निवडताना इंचांच्या आधी किलो विचारायचे. साच्यात ओतलेली, म्हणजे कास्ट, रिम स्वस्त असते आणि जड. ओतल्यावर तिची कड रोलरने दाबून ताणली की फ्लो-फॉर्म्ड रिम होते. कड पातळ होऊनही मजबूत राहते. धातूचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवला की फोर्ज्ड. सर्वांत हलकी, सर्वांत मजबूत, सर्वांत महाग. दुकानात वजनकाटा असतोच. रिम त्यावर ठेवायला सांगण्यात संकोच कसला? रिमच्या मागच्या अंगाला ‘जेडब्ल्यूएल’ हा जपानी मानकाचा ठसा आहे का, तेही पाहावं. नुसतं नामांकित रिमचं रूप उतरवलेला माल पहिल्या मोठ्या खड्ड्यात तडकतो.

रुंदी वाढली की काय वाढतं?

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर, असं सरसकट समजलं जातं. प्रत्यक्षात जमिनीला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यत्वे दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचा भार आणि टायरमधला दाब. एका चाकावर ३५० किलो आणि टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर ते साधारण १५० चौरस सेंटिमीटर होतं. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. त्याचा आकार बदलतो: लांबट पट्टा आखूड आणि रुंद होतो.

हा आखूड-रुंद पट्टा वळणावर उपयोगी पडतो. वळताना प्रत्येक टायरचा पट्टा जमिनीवर थोडा पिळला जातो. आखूड पट्टा कमी पिळला जाऊन तेवढाच जोर देतो. त्यामुळे रबर कमी तापतं आणि समान झिजतं. कोरड्या ट्रॅकवर रुंद टायरचा फायदा निर्विवाद आहे.

पावसात पारडं फिरतं. रस्त्यावर पाण्याचा थर असला की टायरला ते पाणी क्षणात बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही, तर टायर पाण्यावर चढतो आणि गाडी तरंगू लागते; यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र बसवलं होतं. ते ३३ पीएसआयला लावलं, तर तरंगण्याचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. पुढे त्यांच्याच कामातून असंही दिसलं, की टेकलेला पट्टा जितका रुंद आणि आखूड, तितकं तरंगणं कमी वेगाला सुरू होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची वेगमर्यादा १०० आहे. जुलैतल्या मुसळधार पावसात झिजलेल्या रुंद टायरवर तो आकडा गाठणं म्हणजे संकटाला बोलावणं.

रुंदीची रिमशीही जोडी जमावी लागते. २०५/५५ आर१६ टायरला साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते, २२५/४५ आर१७ला सात ते साडेआठ, २२५/४० आर१८ला साडेसात ते नऊ. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची फॅशन आहे. तसं केलं की टायरची कड रिमला संरक्षण देत नाही आणि खड्ड्याचा पहिला तडाखा थेट धातूला बसतो.

आत किती, बाहेर किती

व्यास आणि रुंदी ठरली तरी चाक बसेलच असं नाही. आणखी तीन मापं जुळावी लागतात.

पहिलं ऑफसेट. रिमच्या रुंदीच्या मधोमध एक रेषा कल्पा. रिमचा जो भाग हबला टेकतो, तो या रेषेपासून किती बाहेरच्या अंगाला आहे, ते मिमीमध्ये सांगणारा आकडा म्हणजे ऑफसेट. समजा, जुनी रिम साडेसहा इंच रुंद आणि ऑफसेट ४०. नवी साडेसात इंच आणि ऑफसेट तोच. वाढलेले २५ मिमी निम्मे आत जातील आणि निम्मे बाहेर. आता ऑफसेट ३५ घेतला, तर अख्खी रिम ५ मिमी बाहेर सरकेल: बाहेर सुमारे १८ मिमी वाढतील, आत ८. चाक फार आत गेलं की सस्पेन्शनच्या नळीला घासतं. फार बाहेर आलं की कमानीला घासतं, बेअरिंगवर ताण येतो आणि स्टिअरिंग रस्त्याच्या खाचांमागे ओढलं जाऊ लागतं.

दुसरं पीसीडी: बोल्ट किती आणि ते किती व्यासाच्या वर्तुळावर. व्हर्टसला पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर, स्कोडाच्या ऑक्टाव्हियाला पाच बोल्ट ११२ मिमीच्या वर्तुळावर. एकाच घराण्यातल्या गाड्या, तरी एकीची रिम दुसरीला बसत नाही.

तिसरं मधलं भोक. व्हर्टसच्या हबला ५७.१ मिमीचं भोक अचूक बसतं. बाजारातल्या बऱ्याच रिमचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एक रिम अनेक गाड्यांना विकता येते. मधली फट भरायला रिंग बसवावी लागते. ती नसली तर चाक नेमकं मध्यावर येत नाही आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी वेगात स्टिअरिंग थरथरतं. बोल्टही तपासायचे: फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोलसर असतं, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचं लागतं. चुकीच्या बुडाचा बोल्ट आवळलेला वाटतो आणि चालता चालता सैल होऊ शकतो.

मग माप कोणतं?

रोज शहरात आणि सुट्टीला घाटात गाडी चालवणाऱ्याने मूळ १६ इंची रिम ठेवावी आणि पैसे उत्तम टायरमध्ये घालावेत. पावसाळी पकड, ब्रेकचं अंतर, वळणावरची स्थिरता, तिन्हींमध्ये सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

ज्याला स्टिअरिंगचं उत्तर आणखी चटपटीत हवं आहे आणि रस्ते बरे आहेत, त्याला १७ इंच हा मधला मार्ग आहे. युरोपातल्या पोलो जीटीआयला कंपनीनेच २१५/४५ आर१७ हे माप दिलं होतं. फक्त रिम मूळ रिमपेक्षा जड नको आणि भाराचा आकडा ९१च्या खाली नको.

वर्षातून काही वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याने आधी ब्रेक ठरवावे. मोठी डिस्क घेतली, तर ती मावेल ती सर्वांत लहान आणि हलकी रिम घ्यावी, आणि ट्रॅकच्या टायरचा संच वेगळा ठेवावा.

मागे रुंद आणि पुढे अरुंद चाकं हा प्रकार ९११ जीटी३सारख्यांनी करावा. तिथे इंजिन मागे आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून पुढे २५५ आणि मागे ३१५ मिमी रुंदीचे टायर असतात. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत त्याने वजन वाढतं आणि टायर पुढे-मागे अदलून बदलून वापरण्याची सोय जाते.

कायद्याचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी स्वतः जे माप देते, ते घेण्यात वादाची शक्यता सर्वांत कमी. बदल केलाच तर विमा कंपनीला लेखी कळवावं. अपघातानंतर सर्वेक्षक आधी टायरच्या कडेवरची अक्षरं वाचतो.

---

चौकट: पैसे देण्याआधी

- बाहेरची उंची: मूळ चाकाच्या तीन टक्क्यांच्या आत. साइडवॉलची दुप्पट अधिक रिमचा व्यास (इंच गुणिले २५.४).
- भार आणि वेग: नव्या टायरचा आकडा आणि अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको.
- रिमचा व्यास: ब्रेक मावेल तेवढाच. मातीच्या गोळ्याने फट मोजा.
- वजन: रिम काट्यावर ठेवून पाहा. मूळ रिमपेक्षा जड असेल तर नको.
- रुंदी: टायरला चालणाऱ्या पट्ट्यातली रिम घ्या, ताणून बसवू नका.
- ऑफसेट, पीसीडी, मधलं भोक, बोल्टचं बूड: चारही जुळले पाहिजेत.
- बसवल्यावर: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, मागे माणसं बसवून घासतं का पाहा. अलाइनमेंट करून घ्या. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा.
- स्टेपनी: मूळ बोल्टचा एक संच डिकीत ठेवा. नव्या रिमचे बोल्ट जुन्या स्टेपनीला चालतीलच असं नाही.